सयाजीरावांची राहिलेली गोष्ट

बिघडलेलं इंजिन हिंदुराव नुसत्या आवाजावरून ओळखायचा, पण एक खरी गोष्ट बारा वर्षं त्याच्या घशात अडकून होती. १९५६च्या फेब्रुवारीत पिंपरीच्या कारखान्यात रजा टाकून तो सायकलवर आळंदीला निघाला, तेव्हाही ती तिथंच होती.

बोलावणं दुर्गाबाईचं होतं. तिचे यजमान सयाजीराव चाकणजवळच्या शेतकरी घरातले, हवाई दलातल्या सुरुवातीच्या देशी लढाऊ वैमानिकांपैकी एक. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडाले ते परतले नाहीत. सरकारची तार आली, 'बेपत्ता'. आता बारा वर्षं भरली, म्हणून धाकटा दीर मुरारी इंद्रायणीकाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देणार होता. रीतच तशी. पण दुर्गाबाईनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "हिंदुरावभावजी आल्याबिगर काडी लावायची न्हाई. त्येंच्या तोंडून ऐकल्याबिगर म्या कुंकू पुसायची न्हाई."

हिंदुराव म्हणजे सयाजीरावांच्या विमानाचा फिटर. लढाई संपल्यावर पहिल्यांदा त्या घरी गेला, तो खरं सांगायलाच. पण दारात दुर्गाबाई उभी, कपाळावर ठसठशीत कुंकू. खरं राहिलं बाजूला. "येतील साहेब, जंगलात माणसं वर्षानुवर्षं तग धरतात," असं काहीतरी बरळला आणि वर साहेबांची एक गोष्ट सांगून मोकळा झाला. मग दर वर्षी जायचा, दर वर्षी नवी गोष्ट. खोटं तेवढं एकच, बाकी शब्दन् शब्द खरा.

आणि गोष्टी तरी काय थोड्या होत्या! टेहळणीला साहेब इतके खाली उडायचे, की उतरल्यावर रेडिएटरच्या जाळीतून हिंदुराव बांबूची पानं उपसत बसायचा. एकदा पंखांना एकतीस भोकं घेऊन आले आणि म्हणाले, "तेवढं रफू करा, दुपारी परत जायचंय." दुपारी खरंच गेले. उडण्याआधी विमान तपासून ताब्यात घेतल्याची सही करावी लागे. बाकीचे वैमानिक कागद वाचत, हे हिंदुरावची सही बघून खाली आपली ठोकत. "तुम्ही बघितलंय ना? मग मी काय बघू?" उतरले की तापलेल्या विमानावर थाप मारायचे, नांगर सोडल्यावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी. असा साहेब पुन्हा होणे नाही, हे हिंदुरावचं ठाम मत होतं आणि त्यावर वाद घालणाऱ्याशी तो बोलतच नसे.

बायकांनी अशा वेळी घाटावर यायचं नसतं. दुर्गाबाई आली होती आणि तिला परत पाठवायची कुणाची छाती नव्हती. पलीकडं पुतळा तयार होता.

"भावजी, समद्यांम्होरं सांगा. हायेत का न्हाईत?"

हिंदुराव मनात तोलू लागला. पुन्हा खोटं बोललो तर या बाईचं उरलेलं आयुष्यही खाईन. खरं बोललो तर तिचं कुंकू आपल्याच हातानं पुसल्यासारखं होईल. शेवटी त्यानं मनाचा हिय्या केला.

"नाहीत, वहिनी. जोडीचं विमान गोळ्या लागून लंगडत होतं आणि तीन जपानी विमानं त्याच्या पाठीवर. साहेबांना सरळ निघून येता आलं असतं. ते एकटे मागं वळले आणि तिघांना अंगावर घेतलं. जोडीदार सुटला. त्यानंच डोंगरावर त्यांचं विमान जळत कोसळताना बघितलं. तो उतरल्यावर मीच त्याला बाहेर ओढलं, तेव्हा रडत सांगितलं त्यानं. विमानाचा सांगाडा कुणाला सापडला नाही, म्हणून कागदावर बेपत्ता. मला त्याच दिवशी कळलं होतं. इतकी वर्षं तुम्हाला फसवलं मी."

मान खाली घालून तो शिव्याशापांची वाट बघत राहिला. मुरारी तर मुठी आवळून एक पाऊल पुढं आलाच होता. दुर्गाबाईनं त्याला हातानं अडवलं.

"फसवलं न्हाई, भावजी. मला पैल्या सालापासनं ठावं व्हतं."

"कसं?"

"इतक्या वर्सांत तुमी एकदा बी इचारलं न्हाई, 'वहिनी, साहेबांचं पत्र आलं का?' म्हून. वाट बगनारा मानूस दारात आल्या आल्या पैलं त्येच इचारतो."

हिंदुरावनं तिच्या कपाळाकडं बघितलं. "मग हे कुंकू...?"

"विधवेम्होरं तिच्या धन्याची मर्दुमकी कोन सांगतं? तिला दुःख नको म्हून समदी तोंड मिटत्यात. तुमी बी मिटलं असतं. येक वरीस कुंकू ठिवलं, की मला त्येंची येक गोष्ट मिळायची."

एवढं बोलून तिनं पदरानं कपाळ पुसलं, कुणाला हात लावू दिला नाही. मुरारीला म्हणाली, "लाव आता." सुकी पानं भराभर पेटली. हिंदुराव तोंडावर उपरणं धरून लहान पोरासारखा रडत होता. दुर्गाबाई त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "आता कपाळ मोकळं झालं. तरी बी फुडल्या साली याल न्हवं?"