कानात उगवलेली सरकी

हे तुमच्यातल्या एकालाही खरं वाटणार न्हाई, आणि मला त्याची फिकीर बिलकुल न्हाई. माझ्या डाव्या कानात सरकी उगवली होती. मूळ आत, दोन पानं बाहेर. हसा. पुंजाराम, तू शेजारी आहेस, तू जास्तीच हस. तुझा नंबर पुढं येतोच आहे. आमच्या झुंबरबाईचा चहा होईस्तोवर ऐका, आणि मधे बोलू नका. मधे बोललेलं मला खपत न्हाई.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मी कुंभार पिंपळगावच्या एका जिनिंगमध्ये रेच्यावर होतो. कापसातली सरकी काढणारं यंत्र म्हणजे रेचा. ते ओळीनं असे खडखडायचे की बाजूच्या माणसाला हाक मारायची तर त्याच्या पाठीत बुक्की घालावी लागायची. तो आवाज सोसेना म्हणून आम्ही कानात कापूस कोंबायचो. साफ रुईला हात लावला की मुकादम अंगावर यायचा, म्हणून आमच्या कानाला तो सरकीवालाच कापूस.

हंगाम संपला. रेचे थांबले, पट्टे उतरवले. माझ्या कानातला रेचा काही थांबला न्हाई. घरी तीर्थपुरीला आलो तर तो बारीक झाला, रातकिड्यासारखा. सकाळी किर्र, जेवताना किर्र, कोणी गप्प बसलं की जास्तीच किर्र.

मला वाटलं, घरात रातकिडा शिरला. कणगी उलटी केली. चूल उकरली. पत्रे उचकटले. किडा सापडंना, तसा माझा पारा चढला. मंग वाटलं, हा पुंजारामच्या भिंतीतून येतोय.

"पुंज्या, काय वाजवून राह्यला रे तू?"

"काहीच न्हाई, भुजंगअण्णा. झोपलो व्हतो."

झोपलो व्हतो म्हणे! मंग वाटलं, वाजतोय तो खांबच, आणि दारासमोरच्या विजेच्या खांबाला मी मुसळ हाणलं. सगळ्या आळीची लाईट गेली. किर्र न्हाई गेलं.

मंग आले शहाणे. कोणी लसणाचं गरम तेल आणलं, कोणी मुळ्याचा रस. आळीतली गोजरबाई म्हणाली, कोणीतरी करणी केली. ज्याच्या स्वतःच्या कानात काही वाजत नव्हतं, तो प्रत्येक जण माझ्या कानात काहीतरी ओतून गेला. आता मला सांगा, आत सरकी, वरून इतका ओलावा. उगवणार न्हाई तर काय करंल?

एक दिवस झुंबरबाई भाकरी थापत होती. मी म्हणालो, "त्या बांगड्या काढ. वाजून राह्यल्या."

ती म्हणाली, "बांगड्या न्हाई, तुमचं डोकं वाजून राह्यलं."

मी भरली घागर भिंतीवर फेकली. तिनं हात धुतले, पदर खोचला आणि केदारखेड्याला भावाकडं निघून गेली. चार दिवसांत त्या भावाचा, कचरूचा निरोप आला, "दाजी, आधी कानाचं बघा. आक्का तो आरडाओरडा ऐकायला पुन्हा यायची न्हाई."

म्हणजे कान बरा झाला तर बायको, न्हाई तर न्हाई! रागारागात जालन्याची गाडी धरली.

तिथं कानाच्या डॉक्टरीणबाई होत्या, शरयूबाई. एवढीशी बाई. विचारायला बसली ती थांबंना. एका कानात की दोन्ही? रातकिड्यासारखा की नाडीसारखे ठोके पडतात? चक्कर येते? रोजची गोळी कोणती?

"आवाज मला येतो आणि गोळ्या कशाला मोजता?" मी ओरडलो.

"काही गोळ्यांनीही कान वाजतात, काका. काम काय करता?"

"रेच्यावर असतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मंग कपाळाला दिवा लावून चिमट्यानं काढायला सुरुवात केली. मळ निघाला, तेल निघालं, लसूण निघाला, कापूस निघाला, आणि शेवटी ती सरकी. दोन पानांची, हिरवीगार! बाई मागं सरकल्या. कंपाउंडर वाकून म्हणाला, "काका, वाण कोणतं?"

मी उठलो. "झालं! आता बायकोला आणतो."

"बसा. आवाज गेला का ते सांगा."

मी कान दिला. किर्र! आडोसा गेल्यावर तर मोकळं रान मिळाल्यासारखं. माझं टाळकंच सरकलं. "मंग काढलं काय तुम्ही?"

बाई घाबरल्या न्हाईत. मला जाड दाराच्या लाकडी खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मी दाबलं, ते सोडलंच न्हाई.

दार उघडलं. "अहो काका, मी अजून काहीच वाजवलं नाही!"

"तुम्ही न्हाई वाजवलं, पण वाजून राह्यलं ना! दाबायचं ठरलं तर दाबणारच!"

बाई हसल्या. म्हणाल्या, "तुमची शिट्टी सलग आहे. मी तुटक देते. तुटक ऐकू आली तरच दाबा."

मंग बराबर जमलं. जाडे आवाज आले, बारीक आलेच न्हाईत. "रेच्यांनी आतल्या नाजूक पेशी मारल्या," बाई म्हणाल्या. "बाहेरचा बारीक आवाज मेंदूला मिळत नाही, म्हणून तो आपला आपणच वाजवत बसतो. सरकीचा यात फारसा दोष नाही."

पुन्हा हेडफोन. आता त्या वेगवेगळे आवाज लावू लागल्या. असा आहे? यापेक्षा बारीक? आणखी बारीक?

"थांबा! हाच! हाच तो हरामखोर!" मी उठलो, वायरीबरोबर यंत्रही टेबलावरून सरकलं.

बाईंनी हेडफोन माझ्या कानावरून काढले, आपल्या कानाला लावले आणि नुसत्या ऐकत राहिल्या. "हा दिवसभर?" म्हणाल्या. "मग राग येणारच की हो."

तीर्थपुरीत हे मला एकानंही म्हटलं नव्हतं. मी ते सरकलेलं यंत्र दोन्ही हातांनी पुन्हा जागेवर ठेवलं.

ओरडलो ते नंतर. "मंग सुई द्या! जल्दी!"

"याला बंद करणारी सुई नाही. आहे म्हणून विकणारे भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. कानाचं यंत्र लावा. बाहेरचे आवाज आत आले की आतला मागे पडतो. घरात कापूस घालू नका, शांततेत तो जास्त वाजतो. झोपताना पंखा भिंतीकडे तोंड करून लावा. रेच्यावर कान झाकणारी टोपणं घाला. आणि त्याच्याशी भांडू नका. भांडलं की तो मोठा होतो. हळूहळू तुमचं लक्ष सुटेल."

भांडू नको? मी? एवढ्या लांब यायचं, आणि बाई म्हणते पंखा लाव! पंख्यानं कान बरा व्हतो व्हय? जिन्यावरून मी त्या दवाखान्याचा उद्धार करतच उतरलो, आणि तसाच केदारखेड्याला गेल्तो. कचरूच्या अंगणात उभा राहून सगळ्यांदेखत सांगितलं, "गेला आवाज! सरकी निघाली, तिच्यामागं आवाज निघाला. यंत्र न्हाई, पंखा न्हाई, डॉक्टरीणबाईची एक गोष्ट मी ऐकली न्हाई!"

झुंबरबाई माझ्याकडं बघत राहिली. मंग आत गेली, बोचकं घेऊन आली. म्हणाली, "चला."

बघा, बायको अशी आणली! आणि त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या कानात एकदाही...

"खोटं!" झुंबरबाई चहाचं भगुनं घेऊन दारात उभी होती. "सरकीचं जाऊ द्या, ती उगवली बी असंल. पण आवाज गेल्ता, तर मंग त्या दिवशी माझ्या भावाच्या अंगणात काखेत टेबलफॅन घेऊन कशाला उभे व्हते?"