पन्ह्याने भागायचं

पडदे शिवणाऱ्या बाईंचा हात मशीनवर बसलेला होता, पण आकड्यांशी त्यांचं कधी जमलं नाही. खिडकीची रुंदी दुप्पट करायची, त्यात दुमड मिळवायची आणि कापडाच्या पन्ह्याने, म्हणजे त्याच्या रुंदीने, भागायचं, ही सगळी आकडेमोड नवरा चहा पिता पिता तोंडी करून टाकायचा. तो गेला आणि ते काम दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीच्या गळ्यात पडलं. संध्याकाळ झाली की बाई फोन लावायच्या. लेक उत्तर सांगायची, मग जेवलीस का, सर्दी गेली का, असं इकडचं तिकडचं निघायचं. तेवढ्यावर बाईंची रात्र सुखाची जायची.

एकदा लेक म्हणाली, "आई, मी ठेवून गेलेय ना तो कॉम्प्युटर, त्यातच कॅल्क्युलेटर असतो. उघड बरं, मी सांगते तसं."

बाईंनी चाचपडत उघडला. "आता भागाकाराचं चिन्ह दाब. मधे आडवी रेघ, वर-खाली टिंब."

पहिलंच उत्तर बरोबर आलं. लेक खूश झाली. "बघ, आता माझ्यावाचून तुझं काही अडायचं नाही."

"हो ना," बाई म्हणाल्या.

आणि खरोखरच अडेना. फोन करायला निमित्तच उरलं नाही. आईचं सुरळीत चाललंय म्हणून लेकही निर्धास्त झाली, कामात बुडाली. मशीन थांबलं की बाईंना घर खायला उठायचं. मग समोरच्या इमारतीच्या खिडक्यांना किती कापड लागेल, असली बिनकामाची गणितं त्या मांडत बसायच्या. उत्तर चटकन यायचं. ते कुणाला सांगणार?

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी फोन लावलाच.

"काय गं आई, अडलं का काही?"

भागाकार चुकतोय, असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण जीभ रेटेना. "नाही गं. छान चालतंय ते. मलाच करमत नव्हतं."

लेक म्हणाली, "मी भाजी चिरतेय. फोन इथेच ओट्यावर ठेवू? फार बोलता नाही यायचं."

"ठेव की."

सुरीचा आवाज आला, मग नळाचा, मग भांड्यावर झाकण पडल्याचा. बाई कानाशी फोन धरून ऐकत राहिल्या. थोड्या वेळाने लेक म्हणाली, "ठेवते गं आता." बाई "बरं" म्हणाल्या.

घर पुन्हा चिडीचूप झालं. बाई जराशाने उठल्या आणि त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा लावला.