थोर नायकाचा कोरडा कोट

मित्रांनो, नाक मुरडू नका. हा वास डांबरगोळ्यांचा आहे, माझा नव्हे. मी एक जुना करडा कोट आहे आणि एकेकाळी मी अत्यंत थोर मनाच्या माणसाच्या अंगावर होतो. निदान पडद्यावर तरी.

मला वेशभूषा खात्यातल्या मास्तरांनी शिवले. आम्ही जुळे भाऊ होतो. पण मास्तरांनी माझ्या भावाला चुकून गरम पाण्यात बुडवले आणि तो आटून बाहुलीच्या मापाचा झाला. "या कोटाला काही झालं तर घरी बसायचं!" अशी तंबी दिग्दर्शकांनी दिली. तेव्हापासून मास्तर मला तान्ह्या बाळासारखे जपत.

मोठा प्रसंग माझ्यावरच होता. भिजलेली म्हातारी दुकानाच्या पायरीवर कुडकुडत बसली आहे. नायक येतो, आपला कोट काढून तिच्या अंगावर घालतो आणि थोर ठरतो. पण दुपारी मेजवानीच्या प्रसंगातही मीच, तोही कोरडा, लागणार होतो. म्हणून मी तिच्या खांद्यापासून वीतभर दूर असतानाच दिग्दर्शक "कट!" म्हणत.

नायकसाहेबांना एकच वाक्य होते, "आजी, थंडी माणसाला वाजते, माणुसकीला नाही." ते दर वेळी उलटे म्हणत. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हातारीचे काम करणाऱ्या मावशींवर पुन्हा गार पाण्याची बादली. शिंतोडे उडू नयेत म्हणून माझ्यावर मात्र छत्री! मला फार लाज वाटली, पण कोटाला तोंड कुठे असते?

नवव्या वेळी मावशींचे ओठ निळे पडले. दातांवर दात आपटत होते.

"मास्तर, अजून कितीदा हो?" त्यांनी विचारले.

"माझा चहा पार गार झालाय," नायकसाहेब कुरकुरले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी मनात ओरडलो, मास्तर, नोकरी! त्यांनी मला उचलले आणि सरळ मावशींना गुंडाळले. नऊ वेळा निघालेला मी अखेर पोचलो. चिंब झालो, पण काय सांगू, इतके उबदार मला कधीच वाटले नव्हते.

"मास्तर! कोट भिजला!" दिग्दर्शक किंचाळले.

"कोट वाळेल, साहेब. मावशींना ताप भरला तर त्यांना काय दोरीवर टांगायचं?"

तेवढ्यात कॅमेरावाला चाचरत म्हणाला, "साहेब, कॅमेरा बंद करायचाच राहिला."

दिग्दर्शकांनी ते चित्रण पाहिले. मास्तरांचे फक्त हात आले होते. तेच चित्रपटात राहिले आणि मास्तरांची नोकरीही राहिली. लोक ते हात पाहून ढसाढसा रडले. नायकसाहेबांना बक्षीस मिळाले. "तो क्षण मी अक्षरशः जगलो," असे ते भाषणात म्हणाले. या खेपेला वाक्य बरोबर आले.

त्या थोर नायकाच्या बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचे शिंप्याचे अंगुस्तान आहे, हे आजवर कुणाच्याही लक्षात आलेले नाही.

मित्रांनो, पुढच्या वेळी चेहऱ्याबरोबर हातही बघा. "कट" म्हटल्यावर ते काय करतात, तेही बघा. आणि मला कधी पेटीतून बाहेर काढलेत, तर ऊन दाखवा, उसवलेला खिसा शिवा. कॉलरवरचा पाण्याचा डाग मात्र मावशींच्या ओल्या केसांचा आहे. तेवढा राहू द्या.

धुणारच असाल, तर कृपा करून पाणी गार घ्या.