कोरे बिल्ले

दादाच्या थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. कारखान्याच्या छपरावर आठ जणांची टोळी पत्रे बसवत होती. पत्रे पांढरे, चकचकीत. ऊन वरून भाजायचं आणि खालूनही. टोळीचा म्होरक्या दादा. त्याच्या हातात स्क्रू देणारी त्याची बायको, सगळ्यांची वहिनी.

दादाच्या कानावरचा फोड सहा महिने बरा होत नव्हता. "दुपारचं ऊन टाळा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून वहिनीचं कंपनीकडे एकच मागणं : वर सावलीला कापड बांधा, नाहीतर बारा ते तीन काम थांबवा.

सुरक्षेचे साहेब आले. "आधी ऊन मोजू," म्हणत त्यांनी आठ बिल्ले वाटले. "आठ दिवस अंगावर ठेवा. महागाची वस्तू आहे, जपा."

दादाने बिल्ला रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवला.

"दादा, बायकोला तरी इतकं जपलंस का रे?" टोळीतला लंबू म्हणाला. सगळे हसले आणि सगळ्यांनी तसंच केलं.

आठव्या दिवशी दादाने ऐटीत बिल्ले परत दिले. "बघा साहेब, डागसुद्धा नाही!"

साहेबांनी बिल्ले उलटसुलट पाहिले, गालात हसले आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर कागद लागला : उन्हाने काळे पडणारे बिल्ले कोरेच राहिले; ऊन नगण्य, कापडाची गरज नाही.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती थेट कचेरीत शिरली, मागून दादा.

"साहेब, खिशात झोपलेला बिल्ला ऊन मोजतो?"

"बाई, जे दिसलं ते लिहिलं."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं! म्हणून हसलात!"

"जाऊ दे गं," दादा पुटपुटला. "चूक माझीच."

"गप्प बसा तुम्ही! यांनी जपा म्हटलं, आपण जपला. आता यांना म्हणावं, माणूस जपा!"

टेबलावरचा एक कोरा बिल्ला उचलून तिने दादाच्या टोपीला, त्या कानाच्या वर टाचला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तव्याच्या बुडासारखा काळा झाला. तिने तो साहेबांच्या कागदावर आपटला. दारात बाकीचे सहा उभे होते.

"आता लिहा."

चौथ्या दिवशी कापड चढलं. त्या सावलीत दादाने दोनच महिने काम केलं. फोड कॅन्सरचा निघाला; तो कानातून मानेत उतरला होता. जुळ्यांना दुसरं वर्ष लागलं, त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी दादा वारला.