शेखा वहीबाच्या अंगणात मूल रडत नाही

गुरुवारी सकाळी शेखा वहीबाच्या, म्हणजे गावच्या मंतरणाऱ्या बाईच्या, अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. सगळ्या गावच्या बाळंतिणी तिथे. येताना पोरं अशी टाहो फोडत यायची की उसाच्या मळ्यातली पाखरं उडावीत. आणि दुपारी परत जाताना सगळी मान टाकून, तोंड उघडं ठेवून निजलेली. बायका त्या झोपेकडे बघून डोळे पुसायच्या. "बरकत आहे गं हाताला," म्हणायच्या.

कैरोपासून लांब आमच्या ह्या गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. बरकत वगैरे ऐकलं की माझं डोकं उठतं. पण माझी भाची नवारा म्हणाली, "आत्या, एकदा चल तर. तुझ्या डोळ्यांनी बघ." म्हणून गेले.

शेखा उंच गादीवर बसलेली, काजळ घालून. समोर चिनी मातीची वाटी, बाजूला पितळी झारी. तिचं तोंड म्हणजे सुटलेला पाट! "ऐका गं माझ्या बायांनो! तुमचं पोर वर जन्मतं, त्याच वेळी जमिनीखाली त्याची करीना जन्मते. जुळी बहीण, पण सवतीची जात! ह्याला आईची कूस, तिला माती. मग जळते ती. रात्री येते, चिमटे काढते. पोर रडतं ते भुकेनं नाही गं, चिमट्यानं! मी तिला बांधते. सात गाठी मारते!"

"आणि सुटली तर?" मी विचारलं.

"शाळेच्या बाईंना सांगा, इथे गणित चालत नाही," शेखा म्हणाली. अंगण खदाखदा हसलं.

मग ती केशराच्या शाईने वाटीत अल्लाची अक्षरं लिहायची, झारीतलं पाणी ओतून ती धुवायची आणि ते पिवळं-तपकिरी पाणी चमच्याने पोराच्या तोंडात. रोजच्या रात्रीसाठी एक कुपी सोबत. वर ताकीद, "माझं पढणं संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, नाहीतर गाठ सुटेल." तिचं पढणं भलतंच लांब. पण संपता संपता अंगणात चिडीचूप. खरं सांगते, क्षणभर मीही भुलले. इतकी तान्ही पोरं, आणि एकाचाही आवाज नाही!

नवाराचा मुलगा हमाम दोन महिन्यांचा, त्यालाही ते पाणी मिळालेलं. तिचा नवरा समुद्राकाठच्या हॉटेलात कामाला, घरात ती आणि हज करून आलेली सासू, हज्जा बहिया. त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवले. नवाराचा झगा छातीवर दुधाने ओला झालेला.

"पाजलंस कधी?"

"पहाटे. उठतच नाही गं. इतका गुणी!"

मी दुपटं सोडलं. पोराच्या मांड्या म्हणजे नुसती कातडी. लंगोट कोरडा ठणठणीत. तळपायाला टिचकी मारली, हूं नाही की चूं नाही. पापणी वर केली. खोलीत अंधार, अशा अंधारात डोळ्याची बाहुली मोठी व्हायला हवी. हमामची टाचणीच्या टोकाएवढी होती.

"आणि वर्दाला?" मी विचारलं. वर्दा म्हणजे नवाराची पहिली मुलगी. गेल्या वर्षी चाळीस दिवसांची व्हायच्या आत झोपेतच गेली. "तिलाही हेच पाणी?"

"हो. पण तिची करीना फार ताकदीची होती. शेखा म्हणाली, गाठी तोडून घेऊन गेली."

बघा आता! पोर झोपलं तर शेखाची करामत, पोर मेलं तर करीनेची. कुठूनही घ्या, शेखा आपली नामानिराळी!

मी हमामला उचललं आणि नवाराला घेऊन तालुक्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरने पापणी उघडून बघितली आणि नवारालाच फैलावर घेतलं. "अफू दिलीये याला! अजून एक चमचा गेला असता तर श्वास घ्यायला विसरला असता पोरगा." नवाराला काही कळेना. "अफू? मी कुठून आणू? मी तर अक्षरांचं पाणी..."

पोर शुद्धीवर आलं आणि रडायला लागलं. कसलं रडणं ते! सवय लागलेली, ती सुटताना अंग तोडत होती. घरी आणलं तरी थांबेना, आणि शेखाची कुपी मी आधीच मोरीत ओतलेली. हज्जा बहियाने कपाळ बडवून घेतलं, "बघितलंत? करीना मोकाट सुटली! तुमच्या कैरोत शिकलेल्या डॉक्टरला काय कळतंय? गुरुवारी मी नातवाला घेऊन जाणार, घर माझं आहे!" नवारा मान खाली घालून बसली. तिला झोप नव्हती, ताकद नव्हती, आणि तिच्या मनात तिलाही ते पाणी हवंच होतं.

हज्जाशी वाद घालून मी थकले. म्हणून गुरुवारी मी नुसतीच गेले नाही. नुकतंच जन्मलेलं एक करडू आईपासून तोडून काखोटीला मारून नेलं. ते असं बें-बें करत होतं की शेखाला स्वतःचाच आवाज ऐकू येईना.

"हे काय, बाई?"

"शेखा, ह्यालाही करीना लागलीये. बांधा."

बायकांची हसून पुरेवाट. शेखा कडाडली, "येडी झालीस का? जनावराला करीना नसते!"

"नसते ना? सगळ्यांनी ऐकलं? मग तुमच्या पाण्याने ह्याला काही होणार नाही. करीनाच नाही, तर बांधणार कुणाला?"

ती उठायच्या आत मी झारी उचलली. वाटी नाही, अक्षर नाही, पढणं नाही. नुसतं पाणी करडाच्या नरड्यात ओतलं आणि खाली बसले. "आता कुणी उठायचं नाही," मी म्हटलं.

सगळ्या बसल्या, हमामला मांडीवर घेऊन आलेली हज्जाही. करडू ओरडत राहिलं. कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याचं ओरडणं खाली आलं. मग पाय दुमडले. मग त्याने मान माझ्या चपलेवर टाकली आणि जीभ बाहेर काढून पडून राहिलं. अंगणात कुणी हसत नव्हतं.

पहिली उठली हज्जा बहिया. हमामला नवाराच्या ओटीत टाकून ती तडक शेखाच्या स्वयंपाकघरात गेली. चुलीवर पातेलं होतं. झाकण काढलं, बडीशेपेचा वास आला. पळीने ढवळलं, तर बडीशेपेखाली उकळून फुगलेली अफूची बोंडं. हज्जाने एक बोंड उचलून उजेडात आणलं. म्हातारीला ओळखायला विज्ञान लागलं नाही.

"हे तर आमच्या बांधावर उगवायचं," ती पुटपुटली. "आजी म्हणायची, हात लावू नका, हे माणसाला निजवतं."

तर ही करामत! अक्षरं अल्लाची, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. केशर होतं काढ्याचा रंग झाकायला, बडीशेप वास झाकायला, आणि ते लांबलचक पढणं काढा अंगात भिनेपर्यंत बायकांना बसवून ठेवायला.

शेखा लाजली असेल असं वाटतं का तुम्हाला? कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्यावर काय डोळे काढताय? झोप मागायला आलात, झोप दिली. तुमच्यातली एक तरी कधी म्हणाली का, शेखा, पोराला भूक लागू दे?"

तेवढ्यात नवारा माझ्याजवळ आली.

"आत्या, वर्दालाही मीच पाजलं ना? माझ्या हाताने. ती थुंकत होती, तर मी नाक दाबून पाजलं."

काय सांगणार? खोटं बोलले असते तर माझ्यात आणि शेखात फरक काय राहिला? "हो," म्हटलं. "तुला फसवलं गं पोरी. पण हो." ती रडलीसुद्धा नाही.

करडू संध्याकाळी उठून लटपटत आईकडे गेलं. शेखाने रातोरात गाव सोडलं, आणि ऐकते की आता नदीपल्याड तिचं अंगण भरतं. इथल्याही दोघी-तिघी नावेने जातात. त्यांची नावं मला ठाऊक आहेत, घरी जाऊन भांडून आले, उपयोग शून्य. हमाम बाळसं धरतोय. तो आता नीट झोपतो. नवारा झोपत नाही. पोर जरा जास्त वेळ शांत राहिलं की ती त्याच्या पायाला चिमटा काढते, आणि ते रडलं की मग तिचा जीव भांड्यात पडतो.

बायांनो, तान्ह्याचं पोट मुठीएवढं. ते रिकामं झालं की ते उठणार, रात्री उठणार, पुन्हा पुन्हा उठणार. कुणाचं जास्त झोपतं, कुणाचं कमी. महिने जातील तशी रात्रीची झोप आपोआप लांबते. त्याला बांधायला जमिनीखाली कुणी नाही. आई थकली असेल तर पोराला काढा पाजू नका, सासवांनो, नणंदांनो, बापांनो, पोर घ्या आणि तिला झोपू द्या. आणि एखाद्या अंगणात कुणी म्हणालं, "हे घे, पोर रात्रभर हूं की चूं करणार नाही," तर तिथल्या तिथे तिला विचारा की सकाळी ते उठेल याची हमी कोण देणार.