मुकाविरचा फाटा

बिशाराने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि त्याच्या उडणाऱ्या कोपऱ्यावर ऑलिव्हची बरणी ठेवली. समोर त्याची बायको विदाद द्राक्षाच्या पानांत भात आणि खिमा गुंडाळत बसली होती. तिने आपली परात जरा अलीकडे ओढून घेतली, पण मान वर केली नाही.

"हे बघ, या खेपेला नबो डोंगर नाही, पेत्रा नाही, नदीवरचा बाप्तिस्म्याचा काठही नाही," तो म्हणाला. "जिथे बसवाले फिरकत नाहीत, तिथेच जायचं. आधी उम्म अर-रसासची पडकी चर्चं. मग खाली लोटाची गुहा. मग वाळवंटात, माझ्या त्या बेदुइन दोस्ताच्या, सुवैलिमच्या तंबूत मुक्काम. कधीचा बोलावतोय तो. आणि परत येताना मुकाविर."

"आणि माझे गुडघे? ते कुठल्या गाडीने यायचे?"

"त्यांना पुढची सीट."

ती हसली, पण हसू ओठांतच राहिलं.

जॉर्डनमधल्या त्यांच्या मादबा गावात बिशाराला न ओळखणारा माणूस विरळा. यात्रेकरूंच्या बसमध्ये पुढे उभं राहून, हातात माइक धरून त्याने उभी हयात काढली. मोशेने वचनदत्त देश कुठून पाहिला, लोटाची बायको मिठाचा खांब कुठे झाली, हे जगभरच्या माणसांना सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. विदादला मात्र त्याने एकदाच नेलं, तेही एका तुकडीत ऐनवेळी जागा रिकामी राहिली म्हणून. त्या दिवशी तो सारखा डोकी मोजत होता, कुणाची टोपी तर कुणाचं औषध शोधत होता. लिब गावाजवळ मुकाविरचा फाटा आला, तेव्हा मागच्या सीटवरून ती हळूच म्हणाली होती, "बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला हेरोद राजाने मारलं तो डोंगर इकडेच ना? वळव की."

"पुढच्या वेळी," तो म्हणाला होता. "यांची जेवणं खोळंबलीत."

ती पुढची वेळ आलीच नाही. त्यानंतरही त्या फाट्यावरून तो शेकडो वेळा गेला, दर वेळी माइकवर हेरोदाच्या वाड्याची गोष्ट रंगवून सांगितली. पण त्या डोंगरावर त्याने स्वतःही कधी पाय ठेवला नाही. गेल्या हिवाळ्यात तो निवृत्त झाला. दिवसभर घरात बसायला लागल्यावर विदादला दिलेला तो 'पुढच्या वेळी'चा शब्द त्याला कुसळासारखा टोचायला लागला.

"मुकाविरला तुला काही त्रास व्हायचा नाही," तो नकाशावर बोट टेकवून म्हणाला. "गाडी थेट पायथ्याला लावतो. मग टेकत टेकत चढू."

"पायथ्याला कुठली जाते गाडी? अलीकडच्या टेकाडावरच थांबावं लागतं. तिथून आधी चांगलं खोल उतरायचं आणि मग वळसे घेत चढायचं. जाताना काही वाटत नाही, येताना जीव निघतो."

बोलून झालं आणि तिचे हात थांबले.

"तू कधी गेली होतीस?"

"शफीक कॅनडाला गेला ना, त्या वसंतात. पोराविना घर खायला उठलं होतं."

"कुणाबरोबर?"

"कुणी कशाला हवं? गावापर्यंत मिनीबस जाते."

"मला बोलली नाहीस कधी."

"फोन केला होता की," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "वर पोचल्या पोचल्या केला. तू पेत्राला होतास. म्हणालास, लवकर बोल, माणसं मोजतोय."

बिशाराने आठवून पाहिलं. असे किती फोन आले असतील आणि किती त्याने असेच तोडले असतील. हा काही केल्या आठवेना.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, उद्या येशील तेव्हा जेवायला काय करू? तू म्हणालास, काहीही कर."

तिने एक पान तळहातावर घेतलं, देठ खुडला.

"डबा मात्र दोघांचा नेला होता. हाताला सवय, दुसरं काय! अर्धा एका शेळ्या राखणाऱ्या बाईला दिला. गप्पिष्ट होती. खाता खाता विचारते कशी, 'बहिणी, तुझा नवरा वारला का गं?'"

"आणि तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, नाही गं, कामावर असतो."

ती मोकळेपणाने हसली. बिशाराला हसता आलं नाही. हेरोद, ती नाचणारी मुलगी, तबकातलं योहानाचं शिर, सगळी गोष्ट सवयीने जिभेवर आली होती. त्याने ती गिळली.

"वरून काय दिसतं?" त्याने विचारलं.

विदादने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करतोय की काय, ते तिला आधी कळेना.

"मृत समुद्र दिसतो," ती सावकाश म्हणाली. "पलीकडचं त्या दिवशी काही दिसत नव्हतं, धुरकट होतं. वाटेच्या कडेला काळी फुलं आली होती. आणि वर दोन खांब उभे आहेत. तिथे राजा जेवायला बसायचा म्हणे."

एवढं बोलून ती थांबली. इथे तो मध्ये पडेल, चूक दुरुस्त करील, पुढचं स्वतःच सांगायला लागेल, म्हणून तिने जरा वाट पाहिली.

तो काही बोलला नाही. मग ती पुढे सांगू लागली.