धोट्यात उरलेला श्वास

मी एक जुना धोटा आहे, मागावर आडवे सूत वाहून नेणारा. मित्रांनो, माझी गोष्ट खरी वाटेल की नाही, याची मला शंकाच आहे, तरी सांगतो.

इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या ब्लॅकबर्न गावातल्या एका सुताराने मला घडवले. टोकांना पोलाद, पोटात सुताची कांडी, कुशीला बारीक छिद्र. कांडी बदलली की विणकरीण त्या छिद्राला ओठ लावून श्वास ओढी आणि सुताचे टोक बाहेर येई. तिथे याला चुंबन म्हणत. सुताबरोबर धूळही छातीत जाई.

वाफेवरच्या मागांचा गोंगाट एवढा, की बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत आणि समोरची ते वाचत असे.

केझाया होल्टने मला वर्षानुवर्षे ओठ लावले. एका हिवाळ्यात ती खोकून खोकून गेली. तिचा माग भाचीला, टॅबिथाला मिळाला. पहिल्याच सकाळी तिने मला ओठ लावून सूत ओढले आणि समोरच्या मागावरची पेग तिच्याकडे बघतच राहिली.

“काय गं, मघापासून ‘पट्टा तुटेल, पट्टा तुटेल’ काय लावलंयस?”

“मी कुठे काय बोलले?”

“मग ओठ काय वाऱ्यानं हलतायत?” पेगचा चेहरा उतरला. “टॅबी, असं तोंड वाकडं करून तुझी मावशीच बोलायची गं.”

तेव्हा मला कळले, की प्रत्येकीचा थोडा श्वास माझ्यात उरतो आणि पुढचीच्या छातीत जातो.

मला फेकणारा चामड्याचा पट्टा खरोखरच झिजला होता. तो तुटला असता तर मी उडून टॅबिथाच्या डोळ्यात घुसलो असतो. केझायाने मुकादमाला किती वेळा सांगितले होते.

टॅबिथाने सांगितले, तेव्हा मुकादम हसला. “माग चालतोय ना? मग चालव. भुतं बघायची तर घरी जा, कायमची.”

पूर्वी एकटी बोलणारी घरी जाई. त्या दिवशी पेगने आपला माग थांबवला. मग शेजारणीने. मग सगळ्या ओळीने. त्या शांततेत मुकादमाने, पट्टा धड आहे हे दाखवायला, त्याला हिसका दिला. तुकडा त्याच्या मुठीत आला.  टॅबिथाचे ओठ अजून हलत होते, मावशीसारखे वाकडे होऊन.

पुढे हाताने ओवायचे धोटे आले आणि मी फडताळात गेलो. टॅबिथा दोन्ही डोळे शाबूत ठेवून म्हातारी झाली.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा. त्यावर राबणारी काही सांगत असेल, तर ती जिवंत असतानाच ऐका. मी कुठे दिसलो तर हातात घ्या, पुसा. पण छिद्राला ओठ लावू नका. आत अजून बऱ्याच जणी आहेत.